तार की बिनतार? : घरातल्या सिनेमाच्या आवाजाचा हिशेब

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या प्रांगणात झालेल्या रविवारच्या व्याख्यानांपैकी एका भाषणाचा मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मागच्या रविवारी इथं डॉक्टर मधुमेहावर बोलले, त्याच्या आधी वकीलसाहेब वारसनोंदीवर बोलले. आज माझ्यासारख्या साउंडवाल्याला उभं केलंय. विषय सचिवांनीच दिला. म्हणाले, "सगळी घरं एकच विचारतायत. होम थेटर घ्यायचं, तर वायरचं घ्यायचं का बिनवायरचं? तेवढं एकदा सगळ्यांसमोर सांगून टाका."

एरवी हा प्रश्न हौसेचा म्हणून सोडून दिला असता. पण यंदा त्याला घाई आहे. सर्वसाधारण सभेत ठराव झालाय की पंचवीस वर्षांची जुनी वायरिंग काढून नवी टाकायची, आणि मग प्लास्टर, पुट्टी, रंग. म्हणजे येत्या दोन-तीन महिन्यांत प्रत्येक घराच्या भिंती उघडणार आणि परत बंद होणार. एकदा रंग लागला की पुढची पंधरा-वीस वर्षं त्या भिंतीला छिन्नी लावायला कुणी तयार होत नाही. आपल्या घरात आवाजाची सोय कशी असावी, हे आज ठरवलं तर जवळपास फुकटात होतं. पुढच्या दिवाळीला ठरवलं तर रंग फोडावा लागतो, नाहीतर भिंतीवरून वायरी लोंबकळत ठेवाव्या लागतात.

आधी तारेचं बघू. होम थेटर म्हणजे साधारणपणे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. त्याला '५.१' म्हणतात, ते याच हिशेबानं. पुढं डावा, उजवा आणि मधला, मागच्या बाजूला दोन, आणि धडधडीसाठी सबवूफर. या सगळ्यांना जोर देतो तो ॲम्प्लिफायर. आपण शेतकरी माणसं, तर असं समजा की ॲम्प्लिफायर ही मोटर, स्पीकर हा स्प्रिंकलर, आणि तार म्हणजे मधली पाइपलाइन. पाइप बारीक आणि लांब असेल तर मोटरीचा जोर पाइपातच जिरतो, टोकाला पाणी पिचकारीसारखं येतं. तारेचंही तसंच.

आता कुणी विचारेल, की मग सप्ताहाच्या मंडपात चारशे-पाचशे फुटांवर हॉर्न बांधतात, तिथं बारीक तार कशी चालते? चांगला प्रश्न आहे. तिथली युक्ती वेगळी असते. मंडपाच्या ॲम्प्लिफायरमधून ७० किंवा १०० व्होल्टची लाइन काढतात आणि प्रत्येक हॉर्नला छोटा ट्रान्सफॉर्मर लावतात. दाब वाढवला की तारेतून प्रवाह कमी जातो, आणि प्रवाह कमी म्हणजे तारेत जिरणारा जोर कमी. महावितरण लांबून वीज आणताना जे करतं तेच हे, फक्त छोट्या प्रमाणावर. घरच्या स्पीकरला ही सोय नसते. तिथं दाब कमी आणि प्रवाह जास्त, म्हणून तारेच्या जाडीला महत्त्व येतं.

आकडे सांगतो, म्हणजे दुकानदाराच्या भरवशावर राहायला नको. आपल्या हॉलमध्ये टीव्हीच्या कोपऱ्यापासून मागच्या स्पीकरपर्यंत भिंतीच्या कडेकडेनं, दाराच्या चौकटीवरून तार नेली, तर ती साधारण दहा मीटर भरते. जायची एक आणि यायची एक अशा दोन तारा, म्हणजे वीस मीटर तांबं. सेटबरोबर जी केसासारखी तार मिळते ती साधारण अर्ध्या चौरस मिलिमीटरची धरली, तर तिचा वीस मीटरला रोध ०.७८ ओहम होतो. स्पीकर चार ओहमचा असेल, आणि पेटीबंद सेटमध्ये बऱ्याचदा चारचेच असतात, तर जोराचा सहावा हिस्सा वाटेतच जातो. तीच तार वायरमनच्या भाषेत 'दीडची', म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची घेतली, तर रोध ०.२७ ओहमवर येतो. अडीचची घेतली तर ०.१६. आठ ओहमच्या स्पीकरला दीडची भरपूर झाली. चार ओहमच्याला, लांब अंतर असेल तर, अडीचची घ्या. त्यापुढं जाड तार घेऊन आवाजात फरक पडत नाही, फक्त खिशात पडतो. सोन्याचा मुलामा, चंदेरी वेष्टन, 'खास परदेशी तार' असलं काही आपल्या हॉलला लागत नाही.

एक गोष्ट मात्र बघून घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार मिळते. दिसायला लाल, किमतीला स्वस्त. तिचा रोध खऱ्या तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, आणि ती वाकवून वाकवून तुटते. ओळखायची खूण सोपी आहे. टोकाची एक तार ब्लेडनं खरवडा, आतून पांढरी निघाली तर परत द्या.

तारेचे गुण काय? मधे काही बिघडण्यासारखं नसतं. आवाज निघाला की त्याच क्षणी स्पीकरला पोचतो. वीस वर्षांनी ॲम्प्लिफायर बदलला तरी तार तीच चालते. स्पीकर कोणत्याही कंपनीचा असो, दोन टोकं जोडली की झालं. आणि स्पीकरमध्ये काही नाजूक नसल्यानं त्याची दुरुस्ती गेवराईतसुद्धा होते, कंपनीच्या सेंटरला पाठवायला लागत नाही.

दोषही आहेत. तार दिसते. झाडताना केरसुणीत अडकते. सोफ्यामागं उंदीर कुरतडतो. आणि टोकाचा एखादा बारीक केस बाहेर राहून शेजारच्या टोकाला चिकटला, तर ॲम्प्लिफायर जळू शकतो. म्हणून टोकं नीट पिळून घ्यायची, चालू असताना जोडायची नाहीत, आणि लाल-काळं सगळ्या स्पीकरना सारखंच लावायचं. एका स्पीकरचं उलटं लागलं तर दोन स्पीकर एकमेकांचा खालचा आवाज खातात, आणि माणसाला वाटतं सेटच पातळ आहे. पुष्कळदा "आवाज दमदार येईना" म्हणून जी तक्रार येते, ती एवढ्याच कारणानं असते.

आता बिनतारीकडं येऊ. यात टीव्ही किंवा फोन आवाजाचे आकडे करतो, बहुतेक वेळा ते दाबून लहान करतो, आणि रेडिओ-लहरींवर सोडतो. स्पीकरमधली चिप ते पकडते, उलगडते, त्याचा परत आवाज करते, आणि स्पीकरच्या पोटातलाच छोटा ॲम्प्लिफायर तो वाढवतो. वाटेत एखादा तुकडा हरवला तर परत मागवता यावा म्हणून चिप थोडा साठा जवळ ठेवते. या सगळ्यात वेळ जातो. साध्या ब्लूटूथमध्ये हा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत सहज जातो.

एवढासा उशीर कुणाला कळतो, असं वाटेल. पण हिशेब करा. आवाज एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो. दीडशे मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे पन्नास मीटरवरून आवाज आल्यासारखं. सप्ताहात मंडपाच्या पार टोकाला बसलं की वीणेकऱ्यांशेजारचे टाळ मिटलेले आधी दिसतात आणि आवाज मागून येतो, तसंच. कीर्तनात ते खपतं, कारण आपण खरंच लांब बसलेलो असतो. टीव्ही आठ फुटांवर आहे आणि ओठ हलून गेल्यावर शब्द येतो, हे मात्र डोक्याला खटकतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या एका शिफारशीत याचे आकडे दिलेत. आवाज चित्राच्या आधी ४५ मिलिसेकंद आला, किंवा नंतर १२५ मिलिसेकंद आला, की बघणाऱ्याला जाणवू लागतं. उशिरा आलेला आवाज आपण जास्त सहन करतो, कारण निसर्गातही तो नेहमी उशिराच येतो. आधी आलेला कधीच नसतो.

मग फोनवर व्हिडिओ बघताना ब्लूटूथचा उशीर का दिसत नाही? कारण फोनमधली पुष्कळ ॲप चित्रच तेवढं थांबवून दाखवतात. काही टीव्हींनाही ते जमतं. पण सेटटॉप बॉक्स, खेळाचा डबा, जुना टीव्ही, यांत हमी नाही. गाणी, भजनं, अभंग ऐकायला ब्लूटूथ उत्तम. गाण्याला चित्राशी जुळवून घ्यायचं नसतं. सिनेमाला आणि मॅचला जपून.

इथं एक गैरसमज काढून टाकतो. सगळं बिनतारी म्हणजे ब्लूटूथ नव्हे. साउंडबारबरोबर जे मागचे बिनतारी स्पीकर किंवा सबवूफर येतात, त्यांचा बार आणि स्पीकर यांच्यातला दुवा बहुधा कंपनीचा स्वतःचा असतो, आणि त्यात उशीर फारच कमी असतो. महागड्या सेटांसाठी 'विसा' नावाची एक पद्धत आहे, ती पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि उशीर पाच मिलिसेकंदांच्या आसपास ठेवते. पाच मिलिसेकंद म्हणजे सहा फूट अंतराएवढा फरक, तो कुणाच्याच कानाला लागत नाही. तेव्हा घेताना विचारायचं, "मागचे स्पीकर ब्लूटूथवर चालतात का कंपनीच्या स्वतःच्या लिंकवर?" दुकानदाराला उत्तर देता आलं नाही, तर खोक्यावर किंवा माहितीपुस्तिकेत वाचायचं.

बिनतारीला दुसरी अडचण गर्दीची. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. त्याच पट्ट्यात घराघरातला वायफाय चालतो, आणि तिथं एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच आहेत. मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात काम करते, आणि तिच्यातून किंचित लहरी बाहेर येतात. ब्लूटूथ हुशार आहे, ते सेकंदाला सोळाशे वेळा वाट बदलतं आणि मोकळी जागा शोधतं. तरी आपल्या तीन मजल्यांत प्रत्येक घरी राउटर झाला की रात्री नऊ वाजता सगळे एकदम चालू असतात. तेव्हा मधे लोखंडी कपाट किंवा काँक्रीटचा कॉलम आला की आवाज तुटायला लागतो. माणसाच्या अंगातलं पाणीसुद्धा या लहरी शोषतं. पाहुणे हॉलमध्ये दाटीनं बसले की मागचा स्पीकर कुरकुर करतो तो उगीच नाही.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट पुढं आहे, आणि जाहिरातीत ती बारीक अक्षरात असते. बिनतारी स्पीकरला ॲम्प्लिफायर पोटात असतो म्हणलं ना? त्याला वीज लागते. म्हणजे मागच्या दोन्ही स्पीकरना २३० व्होल्टचा प्लग हवा. बॅटरीवरचे छोटे स्पीकर सोडले तर यातून सुटका नाही.

जुन्या माणसांना आठवत असेल, रेडिओला आपल्याकडं 'बिनतारी' म्हणायचे. मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं तेव्हापासून तो शब्द मराठीत रुळलाय. पण त्या बिनतारी यंत्राला धाब्यावर दोन बांबूंमध्ये जाळीची तार बांधावी लागायची, जमिनीत एक अर्थिंगची तार पुरावी लागायची, आणि वीज किंवा बॅटरीची तार वेगळीच. आजही तसंच आहे. मागच्या कोपऱ्यात तार जाणारच. प्रश्न एवढाच, की ती आवाजाची कमी दाबाची तार असावी का २३० व्होल्टची विजेची. हा प्रश्न असा मांडला की निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

आणि आपल्याकडं विजेचा प्रश्न म्हणजे इन्व्हर्टरचा प्रश्न. लाइट गेली तर टीव्ही आणि ॲम्प्लिफायर इन्व्हर्टरवर चालतो, कारण त्या कोपऱ्यातला बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे. तारेचे मागचे स्पीकर त्याच ॲम्प्लिफायरवर असल्यानं तेही चालतात. बिनतारी मागचे स्पीकर साध्या बोर्डावर असतील, तर सिनेमा अर्ध्यात असताना मागची बाजू मुकी होते. तेव्हा बिनतारी घेणार असाल, तर मागचे दोन सॉकेटही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायला वायरमनला आत्ताच सांगा. दुसरं, काही स्वस्त इन्व्हर्टर वीज साध्या साइन लाटेत देत नाहीत, चौकोनी लाटेत देतात. त्यावर स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो. आवाजाची हौस असेल तर साइन वेव्हचाच इन्व्हर्टर बघा.

आता कुणी काय करावं, ते सांगतो.

घर स्वतःचं, भिंती उघडणारच आहेत, आणि सिनेमा मनापासून बघता. अशांनी तारेचं घ्यावं, आणि तार भिंतीत घालावी. दिसण्याचा दोष गेला, केरसुणीचा गेला, उंदराचाही गेला. मग बिनतारीचा जो मुख्य फायदा सांगतात तो तारेलाच मिळतो.

घर भाड्याचं आहे, किंवा दोन वर्षांत मुलाकडं पुण्याला जायचंय. अशांनी साउंडबार आणि बिनतारी सबवूफर घ्यावा, उचलून नेता येतो. तिथं भिंत फोडण्यात अर्थ नाही.

घरात फक्त बातम्या, मालिका आणि हरिपाठ चालतो. अशांनी पाच स्पीकरच्या भानगडीत न पडता चांगला साउंडबार घ्यावा आणि तो टीव्हीला एका तारेनं जोडावा. ही तार महत्त्वाची. टीव्हीच्या मागं एचडीएमआयच्या खाचांपैकी एकीवर 'एआरसी' असं लिहिलेलं असतं. ही सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ आवृत्तीपासून आली. त्या खाचेतून टीव्हीचा आवाज बाहेर येतो, ओठ आणि शब्द बऱ्यापैकी जुळलेले राहतात, आणि एकाच रिमोटवर दोन्ही चालतं. टीव्ही आणि बार फूटभर अंतरावर असताना त्यांना ब्लूटूथनं जोडणं म्हणजे शेजारच्या खोलीत बसलेल्याला पत्र पाठवणं.

ज्यांचं अजून काहीच ठरलं नाही, आणि बहुतेक घरं यातच आहेत, त्यांच्यासाठी माझं सांगणं एकच. सेट आज घेऊ नका. पाइप मात्र आज टाकून ठेवा. रिकामा.

कसा, ते लिहून घ्या. टीव्हीच्या कोपऱ्यापासून, आपण जिथं बसतो त्या दिवाणाच्या दोन्ही बाजूंना, पंचवीस मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप. मागचे स्पीकर बरोबर पाठीमागं लागत नाहीत. आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे ते बसणाऱ्याच्या कानाच्या रेषेपासून थोडं मागं, बाजूला हवेत. म्हणजे दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला असला तरी बाजूच्या भिंतीवर ते नीट बसतात. उंची बसलेल्याच्या कानापेक्षा थोडी वर, जमिनीपासून साधारण साडेचार-पाच फूट. प्रत्येक ठिकाणी एक छोटा बॉक्स आणि त्यावर कोरी प्लेट. त्याच बॉक्सच्या फूटभर अंतरावर, वेगळ्या पाइपातून, एक विजेचा सॉकेट. पुढं तारेचं घेतलं तर पहिला पाइप कामाला येईल, बिनतारीचं घेतलं तर सॉकेट. दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

टीव्हीच्या मागून खालच्या टेबलापर्यंत मात्र चाळीस मिलिमीटरचा पाइप घाला, कारण एचडीएमआयच्या तारेचं डोकं रुंद असतं आणि पंचविसाच्या पाइपात बेंडला अडकतं. प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी ओढून ठेवा आणि दोन्ही टोकांना गाठ मारा, म्हणजे दहा वर्षांनीही त्या दोरीनं तार ओढता येईल. काटकोनी एल्बो न वापरता गोलाई असलेले बेंड वापरा.

दोन गोष्टी मात्र वायरमनला ठणकावून सांगायच्या. पहिली, आवाजाची तार आणि विजेची तार एका पाइपात कधीच नाही. घुरघुर तर येतेच, पण इन्सुलेशन फाटलं तर २३० व्होल्ट स्पीकरच्या टोकांवर येतात, आणि तिथं लहान मुलांची बोटं जातात. दोन्ही पाइप शेजारून न्यायचेच असतील तर फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचे असतील तर काटकोनात ओलांडा.

दुसरी गोष्ट यापेक्षा मोठी आहे. कॉलम, बीम आणि स्लॅब यांना छिन्नी किंवा कटर लावायचा नाही. एक इंचसुद्धा नाही. झिरी फक्त विटांच्या भिंतीत, तीही शक्यतो उभी. आडवी लांब झिरी भिंत कमजोर करते. आपली इमारत पंचवीस वर्षांची झालीये. कॉलममधल्या सळईवरचं काँक्रीट हे तिचं कातडं आहे. ते सोललं की पाणी आणि हवा सळईपर्यंत जाते, सळई गंजते, फुगते आणि उरलेलं काँक्रीट फोडते. एका घराच्या हौसेसाठी कॉलम खरवडला, तर त्याचा त्रास वरच्या-खालच्या सगळ्यांना. जिथं मधे कॉलम येतो तिथं भिंतीवरून केसिंगपट्टी न्या, नाहीतर सरळ बिनतारी घ्या. बिनतारीची खरी जागा हीच आहे, जिथं तार नेणं चुकीचं आहे तिथं. कमिटीला माझी विनंती आहे की ही अट ठेकेदाराच्या करारात लेखी घालावी.

शेवटचा मुद्दा शेजाऱ्यांचा. हा तार आणि बिनतार दोन्हीला लागू आहे, पण बिनतारीत जास्त जपावं लागतं. कारण सबवूफर बिनतारी झाला की तो कुठंही ठेवता येतो, आणि माणूस तो नेमका सामाईक भिंतीला टेकवून ठेवतो. खालच्या सुरांच्या लाटा लांब असतात. पन्नास हर्ट्झच्या सुराची एक लाट जवळपास सात मीटरची, म्हणजे आपल्या हॉलपेक्षा मोठी. तिला आपली भिंत अडवू शकत नाही. संवाद आपल्या घरात राहतात, धडधड शेजारच्या घरात जाते. त्यांना सिनेमा दिसत नाही, कथा कळत नाही, फक्त भांडी थरथरतात.

यावर कायदाही आहे. ध्वनिप्रदूषण नियमन व नियंत्रण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. खाजगी यंत्राचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त वाढायला नको, असंही त्यात लिहिलंय. पण पंचवीस वर्षं एकमेकांच्या लग्नाला आणि मयतीला धावून जाणाऱ्या माणसांमध्ये नियमाचं पुस्तक निघावं लागू नये. सबवूफर सामाईक भिंतीपासून दोन-तीन फूट दूर ठेवा, खाली जाड रबर घाला, आणि रात्री दहानंतर त्याचा आवाज वेगळा कमी करा. प्रत्येक सेटला ते बटण असतं.

मागच्या रांगेतून आत्ताच एका ताईंनी विचारलं, की सासऱ्यांना ऐकू कमी येतं म्हणून आवाज वाढवावा लागतो, आणि शेजारच्या मुलीची दहावी आहे, मग काय करायचं? हा प्रश्न आजच्या सगळ्या भाषणापेक्षा मोलाचा आहे. पाच स्पीकरच्या सेटमध्ये माणसांचं बोलणं बहुतांशी मधल्या स्पीकरमधून येतं. वय झालं की बारीक, वरचे सूर आधी कमी ऐकू येतात, आणि शब्द कळायला तेच लागतात. म्हणून एकूण आवाज न वाढवता फक्त मधल्या स्पीकरचा वाढवायचा आणि सबवूफरचा उतरवायचा. साउंडबारवर 'डायलॉग' किंवा 'व्हॉइस' म्हणून बटण असतं, त्यानंही तेच होतं. आणि इथं ब्लूटूथचा सगळ्यात चांगला उपयोग सांगतो. सासऱ्यांसाठी ब्लूटूथचा हेडफोन टीव्हीला जोडा. थोडा उशीर येईल, पण मालिका ऐकताना माणूस ओठ बघत बसत नाही. त्यांना शब्द न शब्द कळेल, आणि शेजारी भूमितीचं प्रमेय निवांत पाठ होईल.

तर थोडक्यात, आवाजाच्या खात्रीसाठी तार, उचलून नेण्याच्या सोयीसाठी आणि जिथं भिंतीला हात लावू नये तिथं बिनतार, आणि ठरत नसेल तर रिकामा पाइप. वायरमन मंगळवारपासून पहिल्या मजल्यावर काम सुरू करणार आहे. ज्यांना आपल्या हॉलमध्ये पाइप कुठून न्यायचा ते विचारायचंय, त्यांनी सोमवारी संध्याकाळी मला आवाज द्या. मी खडू घेऊन येतो, भिंतीवर रेघ मारून देतो. त्याचे पैसे नाहीत, चहा चालेल.